तीनदा विचारायचं असतं

मारित एंगस्ट्रॉम कप भरून घ्यायला कॉफीच्या खोलीत आली आणि दारातच थबकली. टेबलावर तिचा ब्राउनीचा पॅन होता. पॅनपाशी एक अनोळखी माणूस उभा होता. आणि पॅन रिकामा होता.

रिकामा म्हणजे अगदी लख्ख रिकामा. कोपऱ्यातला चुराही त्या माणसाने बोटाने टिपून घेतला होता, आणि ते बोट अजून त्याच्या तोंडात होतं.

"तुम्ही... शेवटची खाल्लीत?" मारितने विचारलं.

त्याने घाईने बोट बाहेर काढलं. "हो, मॅम. खायची नव्हती का?"

"खायची होती. पण शेवटची कुणी खात नाही."

"मग तिचं काय करतात?"

अमेरिकेच्या उत्तरेला मोठ्या सरोवराकाठी, टेकडीवर वसलेल्या डुलूथमध्ये रस्त्यांवरचा बर्फ सारणाऱ्या गाड्या ज्या डेपोतून निघतात, तिथे मारित दर शुक्रवारी घरून ब्राउन्या भाजून आणायची. आणि दर शुक्रवारी तेच व्हायचं. सकाळी पॅन भरलेला. दुपारी एक तुकडा उरलेला. मग कुणीतरी येऊन त्याचा अर्धा कापून न्यायचं. नंतरचा माणूस त्या अर्ध्याचा अर्धा. संध्याकाळपर्यंत नखाएवढा तुकडा सुकत पडायचा, पण तो उचलायची कुणाची छाती व्हायची नाही. शेवटचा घास आपण खाल्ला असं चारचौघांत झालं, तर माणसाने तोंड कुठे लपवायचं? मारित तो तुकडा घरी नेऊन कचऱ्यात टाकायची.

"ठेवतात," ती म्हणाली. "म्हणजे... कुणाला हवी असली तर."

"मला हवी होती."

त्याने हे इतक्या सहज सांगितलं की मारित त्याच्याकडे बघतच राहिली. सावळा, उंच, अंगावर एकावर एक चढवलेले तीन स्वेटर, आणि तरीही लालबुंद झालेले कान.

"लूसियन आर्सेनो," तो म्हणाला. "नवा मेकॅनिक. खाली दक्षिणेतून, लुइझियानाहून आलो."

"जानेवारीत? आपणहून?"

"कुणी बांधून आणलं नाही, मॅम."

"ते मॅम आधी बंद करा. मी काय साठीची आहे?"

"आमच्याकडे शाळेतल्या पोरीलाही मॅम म्हणतात."

"आमची ड्रायव्हर आर्डिस साठीची आहे, तिलाही इथे नुसतं आर्डिस म्हणतात. मी मारित. वायरलेसवर बसते."

"म्हणजे तो आवाज तुमचा!" त्याचा चेहरा उजळला. "वर्कशॉपमध्ये दिवसभर ऐकतो मी. बाहेर एवढं वादळ, गाड्या घसरतायत, आणि तुम्ही अशा बोलता जणू कुणाला भाजी निवडायला सांगताय."

मारितने कप भरायला घेतला, आणि तो भरून ओसंडला तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"एक सांगू?" तो दाराशी थांबून म्हणाला. "मीठ कमी आहे."

"कशात?"

"ब्राउनीत," असं म्हणून तो गेलासुद्धा.

मारितला राग आला. इतकी वर्षं ती ब्राउन्या आणत होती आणि इतकी वर्षं सगळे एकच म्हणत होते, "वाईट नाहीत हं." त्या गावात याहून मोठं कौतुक नसतं. बक्षीस मिळालेल्या माणसालाही तिथे 'वाईट नाही' म्हणतात. आणि हा परवा आलेला माणूस, उष्टं बोट चाटत, म्हणे मीठ कमी आहे!

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी तिने पिठात मीठ वाढवलं. केवळ त्याला खोटं पाडायला. वर आणखी चिमूटभर जाड मीठ भुरभुरलं आणि भाजून निघाल्यावर एक कोपरा तोंडात टाकला. मग ओट्याला टेकून उभी राहिली. चॉकलेट आजवर तोंडातल्या तोंडात बोलत होतं, ते आज पहिल्यांदा मोकळं बोलत होतं.

शुक्रवारी लूसियनने एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"काय?" मारित म्हणाली.

"थांब. बोलू नकोस."

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"आता मीठ बरोबर," डोळे उघडून तो म्हणाला. "पण मधला भाग कोरडा पडतोय. ओव्हनमधून उशिरा काढतेस."

"सुरीला काही लागेनासं झालं की काढते. आईने तसंच शिकवलंय."

"सुरीला थोडं लागलेलं असतानाच काढ. पॅन तापलेलाच असतो, आतलं आत होतं."

"तू मेकॅनिक आहेस की हलवाई?"

"इंजिनही तसंच असतं. बंद केलं म्हणून लगेच गार होत नाही." मग जरासं हसून, "काही माणसंही..."

मारित वळून वायरलेसच्या खोलीकडे चालू लागली. आपले कान त्याच्यासारखेच लाल झाले असणार याची तिला खात्री होती.

फेब्रुवारी असा गेला. बाहेर सरोवरावरून बोचरा वारा यायचा, गाड्या मीठ आणि वाळू पसरत टेकडी चढायच्या, आणि दर शुक्रवारी कॉफीच्या खोलीत एक छोटी परीक्षा व्हायची. कधी ती अंडी आणि साखर इतकी फेटून आणायची की ब्राउनीवर कागदासारखा पापुद्रा धरायचा. लूसियन तो नखाने अलगद फोडायचा, कान लावून त्याचा आवाज ऐकायचा. कधी ती घोटभर कडक कॉफी घालायची. तो म्हणायचा, "आज काहीतरी लपवलंयस." ती म्हणायची, "ओळख." आणि ओळखेपर्यंत तो तीन तुकडे खायचा.

"हा माणूस कडेच्याच का खातो?" वेंडलने एकदा विचारलं. वेंडल जुना ड्रायव्हर, स्वतः मधल्या मऊ तुकड्यांचा भक्त.

"कडेच्यांना चावावं लागतं," लूसियन म्हणाला. "मला मेहनतीचं आवडतं."

हे बोलताना तो वेंडलकडे बघत नव्हता.

मार्चमध्ये ऊन पडलं. छपराच्या कडेला लोंबणारे बर्फाचे सुळे ठिबकू लागले. अशाच एका दुपारी लूसियन तिचा धुतलेला पॅन घेऊन वायरलेसच्या खोलीत आला. पॅन टेबलावर ठेवला, पण हात त्याच्यावरच राहिला.

"रविवारी माझ्याकडे येशील? जेवायला. कोळंबीचं गंबो करतो. भातावर गरम गरम वाढायचं... आईची रीत आहे. खास माणसांसाठी करतात."

निळा स्वेटर घालायचा, हे मारितचं त्याच क्षणी ठरलं. बरोबर ब्राउन्या न्यायच्या, तेही ठरलं. आणि तिने, चांगल्या घरातल्या कुठल्याही मुलीने दिलं असतं ते उत्तर दिलं.

"छे, नको. तुला कशाला उगाच त्रास."

मग ती नजर खाली करून वाट बघत राहिली. आता तो म्हणेल, त्रास कसला. मग ती म्हणेल, नको, खरंच नको. मग तो म्हणेल, मला वाईट वाटेल हं. आणि मग ती म्हणेल...

"बरं," लूसियन म्हणाला.

तिने वर पाहिलं. तो हसत होता, पण ते हसू दुकानातल्या माणसाचं होतं.

"काही हरकत नाही, मॅम," तो म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी आर्डिस टोल्वानेन गाडी लावून आत आली. तीस हिवाळे बर्फाची गाडी चालवलेली बाई. बूट झटकताना तिने मारितचा चेहरा पाहिला आणि थर्मास खाली ठेवला.

"कोण मेलं?"

मारितने सगळं सांगितलं. आर्डिस ऐकत गेली आणि तिच्या भुवया वर वर चढत गेल्या.

"मग? परत काय म्हणाला?"

"काहीच नाही. गेला."

"गेला? तू किती वेळा नको म्हणालीस?"

"एकदाच!"

"एकदाच! आणि तेवढ्यावर गेला? माणूस आहे का कोण? तीनदा विचारायचं असतं! दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा हो. माझ्या नवऱ्याने लग्नाचं मला चार वेळा विचारलं."

"चार का?"

"तिसऱ्यांदा हो म्हणणारच होते, तेवढ्यात फोन वाजला."

दोघींनी मिळून लूसियनला भरपूर नावं ठेवली. तेवढ्यापुरतं मारितला बरं वाटलं, पण त्यामुळे रविवार काही भरला नाही. रविवारी ती निळा स्वेटर घालून घरीच बसली.

नंतरच्या शुक्रवारी लूसियन कॉफीच्या खोलीत आला. एक तुकडा घेतला, "छान आहेत, मॅम," म्हणाला. मीठ नाही, कॉफी नाही, पापुद्रा नाही. दुपारी मारित पुन्हा तिथे गेली, तेव्हा तो पाठमोरा उभा होता. पॅनमध्ये एकच तुकडा उरला होता. तिच्या डोळ्यांदेखत लूसियनने सुरी उचलली, त्या तुकड्याचे नीट दोन भाग केले, एक घेतला आणि दुसरा पॅनमध्येच ठेवला.

मारित दारातून मागे फिरली. तिला रडू आलं. आणि ते एका अर्ध्या ब्राउनीवरून आलं, हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. तो त्यांच्यातलाच एक झाला होता. आता त्यालाही काही नको होतं.

एप्रिलच्या तोंडावर बातमी आर्डिसनेच आणली. हिवाळ्यापुरत्या घेतलेल्या लूसियनला फोरमनने कायमचा राहा म्हटलं होतं. पण तिकडे लुइझियानात हुमा गावी त्याच्या चुलतभावाचं बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप होतं, तोही बोलावत होता. भावाला उद्या दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"तो काय म्हणाला?" मारितने विचारलं.

"म्हणाला, इथे माझं असं कुणी नाही, मॅम." आर्डिसने तिच्याकडे रोखून पाहिलं. "पोरी, सांगून टाक त्याला."

"असं कसं सांगायचं? बरं दिसतं का?"

"नाही दिसत," आर्डिसने मान्य केलं. तीही तिथलीच होती.

मग मारितने तिला येत होतं ते केलं. घरी गेली, लोणी आणि चॉकलेट मंद आचेवर एकत्र विरघळवलं, अंडी आणि साखर हात भरून येईपर्यंत फेटली. कॉफी घातली. मीठ घातलं. सुरीला थोडं लागत असतानाच पॅन बाहेर काढला आणि सगळ्या घरभर तो दाट, कडवट-गोड वास पसरला, तेव्हा तिला वाटलं, याच्याइतकं स्पष्ट आणखी काय बोलायचं? हे खाऊन ज्याला कळणार नाही, तो माणूस दगडच म्हणायचा.

सकाळी बर्फ पडत होता. डुलूथमध्ये एप्रिलचं कुणी मनावर घेत नाही. ड्यूटी सुरू होण्याआधी ती थेट वर्कशॉपमध्ये गेली आणि पॅन त्याच्या पान्यांशेजारी ठेवला. कापलेला नव्हता. आख्खा होता.

"सगळा?" लूसियन म्हणाला. "मला?"

"तुला."

त्याने फडक्याला हात पुसले, झाकण उचललं. आत वाकून वास घेतला.

"निरोपाचा आहे का?"

"अं... तसं नाही... म्हणजे, तुला आवडतात म्हणून..."

"चांगली पद्धत आहे तुम्हा लोकांची," तो हळूच म्हणाला. "जाणाऱ्याचं तोंड गोड करता."

"वाईट नाही," मारितच्या तोंडून निघालं, आणि आपली जीभ तोडून टाकावी असं तिला वाटलं.

तेवढ्यात भिंतीवरचा वायरलेस खरखरला. टेकडीच्या चढावर वेंडलच्या गाडीची तेलाची नळी फुटली होती, पुढचं पातं खाली येऊन रस्त्यातच बसलं होतं. लूसियनने एका हातात हत्यारांची पेटी घेतली, दुसऱ्या हातात पॅन. जाताना म्हणाला, "दुपारी भावाला फोन करायचाय. परत यायला उशीर झाला तर... तिथूनच करतो."

मारित आपल्या खुर्चीवर येऊन बसली. काचेबाहेर बर्फ तिरपा पडत होता. समोर माइक होता. दहा गाड्या टेकडीवर आणि बंदराकडे फिरत होत्या, आणि हिवाळाभर त्या माइकवर तिने रस्ता, बर्फ, वाळू, वळण याखेरीज एक शब्द उच्चारला नव्हता. वायरलेसवर खासगी बोलायचं नाही, हा नियम तिचाच. बायकोला सामान सांगितलं म्हणून वेंडलला तिने एकदा सर्वांदेखत झापलं होतं.

भीड ही भिकेची बहीण, असं जुनी माणसं म्हणतात ते खोटं नाही. भिडेपायी मारितने एक रविवार घालवला होता. एक आख्खा मार्च घालवला होता. आता माणूस चालला होता, तोही ब्राउनीचा पॅन मांडीवर घेऊन, आभार मानत!

तिने बटण दाबलं.

"सर्व्हिस ट्रक, डेपो बोलतेय."

"बोला, डेपो." मागे वाऱ्याचा आवाज.

"वेंडलपाशी पोचलास?"

"पोचलो. नळी बदलतोय."

"बरं..." ती थांबली. पण बटण तिने सोडलं नाही. "लूसियन, मार्चमध्ये तू मला जेवायला बोलावलंस. मी नको म्हटलं. ते खोटं होतं."

वायरलेसवर नुसती खरखर. टेकडीवरचे सगळे ड्रायव्हर कान टवकारून ऐकतायत हे तिला दिसत नव्हतं, पण कळत होतं.

"परत सांगा, डेपो?"

"मला यायचं होतं. स्वेटरसुद्धा ठरला होता. तू परत विचारशील म्हणून मी थांबले. तू विचारलंच नाहीस."

"तू नको म्हणालीस! नको म्हटल्यावर परत कसं विचारायचं? आमच्याकडे त्याला मागे लागणं म्हणतात."

"आमच्याकडे त्याला रीत म्हणतात," मध्येच आर्डिसचा आवाज घुसला. "तीनदा विचारायचं असतं. पाळण्यातल्या पोरालाही कळतं."

"हे मला कुणी सांगितलं नाही, मॅम!"

"ते सांगायचं नसतं," लूसियनच्याच माइकमधून वेंडल ओरडला. तो शेजारीच टॉर्च धरून उभा असावा.

"मग आता काय करू? आता तीनदा विचारू?"

"नको," मारित म्हणाली, आणि स्वतःच दचकली. "थांब! हे नको खरं आहे. तू विचारू नकोस, मी विचारते." आता तिचा आवाज स्थिर झाला, वादळात गाड्यांना रस्ता सांगताना व्हायचा तसा. "आजचा पॅन निरोपाचा नव्हता. मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून. हुमाला जाऊ नकोस. इथे राहा, माझ्यासाठी राहा. राहशील?"

तिने बटण सोडलं. एवढं मोठं वाक्य तिच्या घराण्यात कुणी कधी बोललं नसेल.

खरखर. वारा. वेंडलचं खोकणं.

"राहतो," लूसियन म्हणाला.

"एवढंच?" आर्डिस म्हणाली. "जरा आढेवेढे तरी घे!"

"आमच्याकडे एकदा विचारतात, एकदा सांगतात, मॅम." आणि मग, आवाज जरा जड होऊन, "मारित... अगं, मी वाटेत गाडी थांबवून एक तुकडा खाल्ला. म्हटलं, निरोपाचा खाऊ इतका चांगला कुणी करतं का? माझं काहीतरी चुकतंय. पण काय, ते कळेना..."

पहिला हॉर्न आर्डिसने दिला. टेकडीच्या माथ्यावरून, लांबलचक. तिच्याखालच्या चढावरून दुसरा आला. मग वेंडलने आपल्या बसलेल्या गाडीचा दाबला. मग एकामागून एक, वरपासून खाली, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बर्फात दडलेल्या नारिंगी गाड्या नवरदेवाच्या वरातीसारख्या वाजू लागल्या. लोकांनी खिडक्यांचे पडदे सरकवले. सगळ्यात खालची गाडी बंदरातल्या, जहाजांसाठी वर उचलल्या जाणाऱ्या पुलाच्या अगदी तोंडाशी होती. त्या पुलावरचा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांच्या भोंग्याला भोंग्याने उत्तर देतो. कुणाची सलामी कोरडी जाऊ द्यायची नाही, ही तिथली जुनी शिस्त. समोर जहाज दिसत नव्हतं. पण सलामी ती सलामी. पुलाने आपला भला मोठा भोंगा वाजवला, आणि तो सरोवरावरून घुमत परत आला, डेपोच्या काचा थरथरवत.

फोरमन खोलीतून धावत बाहेर आला. "काय झालं? काय झालं काय?"

"काही नाही," मारित हसत, डोळे पुसत म्हणाली. मग स्वतःला थांबवून तिने ते दुरुस्त केलं. "झालं. खूप काही झालं."

तिने बटण दाबलं. "सगळ्यांनी ऐका. हॉर्न बंद. रस्त्यावर बर्फ आहे."

"डेपो, सर्व्हिस ट्रक," लूसियनचा आवाज आला. "रविवारी येतेस ना? की तुझ्याकडे बसून ब्राउन्या करायच्या? तुला काय हवंय?"

अख्खी टेकडी कान देऊन थांबली.

"दोन्ही," मारित म्हणाली.